वळणावरची पायरी

"एका आठवड्यात! फक्त एका आठवड्यात आमच्या कारखान्यातला एकही माणूस विचार केल्याशिवाय जागचा हलणार नाही, बघशील तू!"

मास्तरांनी ही घोषणा सकाळी चहाचा कप उंचावून केली. बायकोनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ती म्हणाली, "अहो, बनियन उलटा घातलाय. तो विचार करून घातलाय का?"

मास्तरांनी बनियन सुलटा केला, पण घोषणा काही मागे घेतली नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते कुलपांच्या कारखान्यात प्रशिक्षण अधिकारी होते. आधी ते भांडारात खिळे, स्क्रू आणि स्प्रिंगा सांभाळायचे. मग मोठे साहेब कुठल्याशा परिषदेला गेले आणि तिथं त्यांना समजलं की कामगारांनी नुसतं काम करून भागत नाही, त्यांना विचारही करता आला पाहिजे. परतल्या परतल्या त्यांनी प्रशिक्षण विभाग उघडला आणि भांडारातला सगळ्यात जास्त बोलणारा माणूस उचलून तिथं बसवला. विभाग म्हणजे वरच्या मजल्यावर जिन्यासमोर काचेची एक केबिन, त्यात एक फळा, एक खुर्ची आणि खुर्चीत मास्तर.

विभाग सुरू होऊन बरेच दिवस झाले, तरी कारखान्यात कोणी विचार करताना दिसेना. तेव्हा मोठ्या साहेबांचा फोन आला. "पुढच्या आठवड्यात मी येतोय. लोक विचार करतायत असं दिसलं तर ठीक. नाही तर त्या केबिनला आपलंच एखादं कुलूप लावू आणि तुम्ही डिस्पॅचला जा."

माल रवाना करणाऱ्या त्या खात्यात मास्तरांना मुळीच जायचं नव्हतं. डिस्पॅचला काम फार होतं म्हणून नव्हे. डिस्पॅचचा प्रमुख त्यांचा सख्खा मेहुणा होता! बायकोचा धाकटा भाऊ! ज्याला मास्तरांनी सायकल शिकवली, ज्याची गणितं रात्र रात्र बसून सोडवून दिली, तो आता जिन्यावरून धाडधाड उतरताना "भावजी, सरका!" असं ओरडत जायचा. मेहुण्याचा एक कान कायम फोनला चिकटलेला, एक डोळा कायम घड्याळावर, आणि पाय असे पडायचे की खालच्या मजल्यावर टेबलावरची कुलपं खुळखुळायची. त्याच्या हाताखाली काम करायचं, ही कल्पनाच मास्तरांना सोसवेना.

त्यातून बायकोनं त्याच सुमारास आणखी एक घोळ घातला होता. नवऱ्याला आणि भावाला तिनं अगदी एकसारखे बूट आणले होते. रंग तोच, माप तेच, तळव्यावरची फुलाफुलांची नक्षीसुद्धा तीच.

"अगं, शाळेतल्या जुळ्यांसारखे दिसतो आम्ही!" मास्तर कुरकुरले.

"दोघांचे पाय एका मापाचे आहेत, त्याला मी काय करू? आणि जोडीनं घेतले म्हणून दुकानदारानं सूट दिली."

तर अशी सगळी पार्श्वभूमी होती. मास्तरांनी कंबर कसली आणि दुपारच्या जेवणानंतर साऱ्या कारखान्याला कॅन्टीनमध्ये जमवलं. जेवून सुस्तावलेल्या माणसांना विचार करायला शिकवणं सोपं नसतं. मागच्या बाकावरच्या दोघांनी तर सुरुवातीलाच माना टाकल्या.

"आपल्याला कोणी काही सांगितलं की आपण मुकाट्यानं ऐकतो!" मास्तर गरजले. "का ऐकतो?"

गेटवरचे वॉचमनकाका म्हणाले, "नाही ऐकलं तर तुम्ही ओरडता म्हणून."

"चूक! आपण विचार करत नाही म्हणून! आजपासून दोन प्रश्न पाठ करा." मास्तरांनी केबिनमधून आणलेल्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'का?' आणि त्याखाली 'कशावरून?' "साहेबांनी सांगितलं, विचारा का! फोन आला, विचारा कशावरून! माणूस ओळखीचा दिसतोय? दिसू दे! आवाज ओळखीचा वाटतोय? आवाजाची नक्कल करता येते! ओळखपत्र दाखवतोय? ते कुठंही छापून मिळतं!"

मागचे दोघे जागे झाले. मास्तरांना आणखी चेव आला आणि त्यांनी आपला हुकमाचा पत्ता टाकला.

"आणि ऐका! या आठवड्यात मी कारखान्यात एक खोटी सूचना सोडणार आहे. सगळ्या खऱ्या सूचनांमध्ये एकच खोटी! जो ती पकडेल, त्याचा फोटो फ्रेममध्ये घालून माझ्या केबिनमध्ये लावणार. खाली लिहिणार, 'कारखान्यातलं पहिलं डोकं'!"

पॅकिंगच्या मावशींनी हात वर केला. कुलूप खोक्यात घालून बंद करणाऱ्या सगळ्या बायका या मावशींच्या देखरेखीखाली काम करायच्या आणि मावशींसमोर भलेभले जपून बोलायचे. "फ्रेम चांगली असणार ना?" त्यांनी विचारलं. "नाही, फोटो माझ्याकडं चांगला आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मास्तरांनी खोटी सूचना लावली. ती त्यांनी मुद्दाम इतकी बिनबुडाची केली होती की शेंबड्या पोरालाही शंका यावी. जिना जिथं वळतो तिथल्या भिंतीवर चकचकीत प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद झळकू लागला: 'वळणावरच्या पायरीवर पाय ठेवू नये. आदेशावरून.'

पायरी ठणठणीत होती. कोणाचा आदेश, का नाही ठेवायचा, काही म्हणजे काही लिहिलेलं नव्हतं. मास्तर केबिनमध्ये बसून काचेतून पाहू लागले, की आता कोणीतरी थांबेल, डोकं खाजवेल आणि धावत येऊन विचारेल, "मास्तर, का हो?"

पहिल्या आल्या हिशेबाच्या बाई. जाड चष्मा, गुडघेदुखी, हातात दोन पिशव्या. त्यांनी कागद वाचला, पिशव्या एका हातात घेतल्या, कठड्याला धरून पाय हवेत उचलला, "आई गं!" म्हणत पायरी ओलांडली आणि निघून गेल्या.

मग रंगखात्यातले दोघे आले. वाचलं, टुणकन उडी मारली, गेले. मग बॅंकेतून कोणी पाहुणे आले, तेही टांग टाकून गेले. दुपारपर्यंत सारा कारखाना त्या वळणावर बगळ्यासारखा पाय उचलत होता आणि एकाच्याही तोंडून 'का' निघत नव्हता! मेहुणा तेवढा दर तासाला धाडधाड वर, धाडधाड खाली, त्या पायरीवर पाय आपटत जात होता. "याला वाचता येतं की नाही?" मास्तर चिडून पुटपुटले. खरं तर त्यांनी चिडायचं काहीच कारण नव्हतं, कारण सूचना खोटी होती, पण मेहुण्यानं काहीही केलं तरी चिडायची त्यांना सवय होती.

तुम्ही म्हणाल, म्हणजे लोक विचार करतच नव्हते. तसं नव्हतं. लोक करत होते, फक्त बाकीच्या सगळ्या सूचनांवर!

पाण्याची टाकी धुणार म्हणून अकरा वाजता नळ बंद होतील, असं व्यवस्थापकांनी कळवलं. सगळ्या कारखान्यानं एकमेकांना डोळे मारले. "हीच ती खोटी!" अकरा वाजता तेलकट हात घेऊन सगळे मुद्दाम धुवायला गेले, साबण लावला आणि नळ बंद झाले. संध्याकाळपर्यंत माणसं खांद्यानं दारं उघडत होती.

मग आठवड्याच्या शेवटी आगीची तालीम झाली. भोंगा वाजला, वाजत राहिला, पण एक माणूस उठला नाही. सुरक्षा अधिकारी ओरडत आले, "अरे, बाहेर पडा!" त्यावर रंगखात्यातून शांत आवाजात उत्तर आलं, "कशावरून?" बिचारे धूर दाखवू शकत नव्हते, कारण तालीमच होती. ते तणतणत मास्तरांच्या केबिनमध्ये आले, येताना पायरी मात्र ओलांडून आले.

मास्तर वरवर दिलगिरी दाखवत होते, पण आतून त्यांना गुदगुल्या होत होत्या. लोक प्रश्न विचारत होते! साहेब येतील तेव्हा याहून जास्त काय हवं? फक्त तो एक कागद कोणीतरी पकडला की झालं.

एवढ्यात खालून मेहुण्याचा आवाज आला. "भावजी! आधी खाली या! तुमचं प्रशिक्षण बघा!"

मास्तर लगबगीनं निघाले आणि वळणावर त्यांनीही पाय उचलून पायरी ओलांडली. आपणच लावलेली सूचना आपण मोडली तर लोकांना संशय येईल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

पॅकिंगच्या खोलीत टेबलांवर कुलपांचा डोंगर होता आणि शेजारी किल्ल्यांचा. एरवी प्रत्येक कुलूप आपापल्या किल्ल्यांसकट यायचं, मावशींच्या बायका ते खोक्यात घालायच्या आणि खोकी मेहुण्याकडं जायची. आज एकही खोकं भरलेलं नव्हतं. सगळ्या बायका एकेक कुलूप घेत होत्या, त्यात एक किल्ली घालत होत्या, फिरवत होत्या, मग दुसरी घालत होत्या.

"मावशी, हे काय चाललंय?" मास्तरांनी विचारलं.

"कशावरून बघतोय," मावशी मान वर न करता म्हणाल्या. "या कुलपाला हीच किल्ली लागते कशावरून?"

"किल्लीखात्यानं जोडूनच पाठवलीय की!"

"म्हणजे त्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा?"

मास्तरांची पंचाईत झाली. "बरं, बघा. पण तीच किल्ली शेजारच्या कुलपात कशाला घालताय?"

"आपल्या कुलपाला लागली, म्हणजे दुसऱ्याच्या कुलपाला लागत नाही कशावरून?"

हा प्रश्न मास्तरांना बिनतोड वाटला. मेहुणा मात्र केस उपटायचा बाकी होता. "ट्रक बाहेर उभाय, भावजी! ड्रायव्हर दोनदा झोपून उठला! आणि कुठली किल्ली कुठल्या कुलपाची, हे आता देवालाही सांगता येणार नाही!"

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. गेटवरून वॉचमनकाका बोलत होते.

"मास्तर, एक गृहस्थ आलेत. मी मोठा साहेब आहे म्हणतात."

साहेब दुसऱ्या दिवशी यायचे होते! "कसे दिसतात?"

"रागावलेले दिसतात. अर्ध्या तासापासून."

"अहो, मग तेच! सोडा त्यांना आत!"

"गेटवरच्या फोटोत साहेबांना मिशी आहे. यांना नाही."

"काढली असेल! सोडा म्हणतोय ना मी!"

काका सावधपणे म्हणाले, "मास्तरच बोलताय कशावरून?"

"माझा आवाज ओळखत नाही तुम्ही?"

"आवाजाची नक्कल करता येते. तुम्हीच सांगितलंत."

मास्तर गेटकडे धावत सुटले. मोठे साहेब वॉचमनच्या स्टुलावर गुडघ्यावर बॅग घेऊन बसले होते आणि काका त्यांचं ओळखपत्र उन्हात धरून उलटंसुलटं पाहत होते. मास्तरांनी हात जोडले, क्षमा मागितली, काकांकडे डोळे वटारले. साहेब उठले. ते तरातरा चालत पॅकिंगमध्ये शिरले आणि कुलपांचा डोंगर पाहून जागीच थबकले.

"हे काय आहे?"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. आता संपलं सगळं, उद्यापासून 'भावजी, खोकी उचला', असं त्यांना स्पष्ट ऐकू आलं.

पण मावशी पुढं झाल्या. "साहेब, बरं झालं आलात. हे मोठं कुलूप बघा. त्याच्या किल्लीनं उघडतं." खट्‌! "आणि या शेजारच्याच्या किल्लीनंही उघडतं." खट्‌! "आणि हिनंही!" खट्‌! "या नमुन्याची जेवढी आहेत तेवढी सगळी अशीच."

साहेबांनी कुलूप हातात घेतलं. किल्ल्या घालून पाहिल्या, एकामागून एक. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग हळूहळू माणसात आला. "हा माल बाजारात गेला असता तर! गिऱ्हाइकानं शेजाऱ्याचं दार उघडलं असतं! हे कसं पकडलंत तुम्ही?"

"कशावरून विचारलं," मावशी म्हणाल्या. "मास्तरांनी शिकवलंय."

मास्तरांचा ऊर भरून आला. मेहुण्याकडे त्यांनी असं पाहिलं, की तो पहिल्यांदाच फोन खाली घेऊन उभा राहिला. साहेबांनी सगळ्यांसमोर मास्तरांशी हस्तांदोलन केलं आणि ते म्हणाले, "चला, तुमच्या केबिनमध्ये बसू."

वर जाताना साहेबांनी वळणावरचा कागद वाचला, विजार सावरली आणि पायरी जपून ओलांडली. मास्तरही ओलांडून मागोमाग गेले.

केबिनमध्ये साहेबांनी चहा घेतला. बाहेर कुठंतरी ठोकाठोकी चालू होती, तिकडे मास्तरांचं लक्ष नव्हतं. आपल्याला बढती मिळणार की नुसतीच मोठी खुर्ची, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात होता.

"उत्तम काम केलंत," साहेब म्हणाले. "माझं काम फत्ते झालं. वॉचमनपासून मावशींपर्यंत सगळे विचार करायला लागले. आता हा विभाग बंद करू."

"बंद?" मास्तरांचा कप बशीवर आपटला. "पण साहेब, ठीक झालं तर ठीक म्हणाला होतात!"

"झालं ना ठीक! लोक शिकले. शिकलेल्या लोकांना आणखी काय शिकवायचं? विभाग चालू का ठेवायचा? सांगा, का?"

स्वतःचाच प्रश्न मास्तरांच्या अंगावर आला. डोळ्यांसमोर मेहुणा उभा राहिला, खोकी उभी राहिली, आणि माणूस बुडताना जसं हाताला येईल ते धरतो तसं मास्तरांनी खरं सांगून टाकलं.

"साहेब, कुठले शिकलेत! कोणी काही शिकलेलं नाही! सगळे बिनडोक आहेत!"

"म्हणजे?"

"जिन्यावरची ती सूचना! खोटी आहे! मीच लावलीय, कोणी पकडतंय का बघायला! पायरी चांगली धडधाकट आहे, आणि सगळा कारखाना उड्या मारत जातोय! एकानं का म्हणून विचारलं नाही! अहो, तुम्हीसुद्धा ओलांडलीत!"

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, हे बोलून झाल्यावर मास्तरांच्या लक्षात आलं. साहेबांचे कान लाल झाले. "दाखवा मला ती पायरी," ते म्हणाले आणि उठले.

दोघे जिन्याशी आले आणि मास्तरांनी भिंत धरली. वळणावरची पायरी तिथं नव्हतीच! तिच्या जागी विटांचा चुरा होता आणि त्यात छिन्नी-हातोडा घेऊन गवंडी बसला होता. साहेबांच्या मुक्कामाच्या खोलीची भिंत दुरुस्त करायला त्याला बोलावलं होतं.

"अरे, हे काय केलंस!" मास्तर किंचाळले.

"पायरी खराब होती ना," गवंडी म्हणाला. "भिंतीचं काम संपलं, म्हटलं हेही उरकावं."

"खराब कुठं लिहिलंय? पाय ठेवू नये एवढंच लिहिलंय!"

"मग का ठेवू नये? मी विचार केला! म्हटलं, खराब असणार!"

"अरे, ठोकून बघायची होतीस!"

"बघितली की! दगडासारखी निघाली. म्हटलं, वरून एवढी चांगली आहे त्या अर्थी आतून नक्कीच काहीतरी भानगड असणार."

साहेबांनी दीर्घ श्वास घेतला. "म्हणजे या कारखान्यात एकही माणूस त्या पायरीवरून सरळ चालत गेला नाही?"

"एकच जातात," गवंडी म्हणाला. "ते डिस्पॅचचे साहेब. दर वेळी पाय आपटत. आत्ता मी फोडत होतो, तरी 'सरक बाजूला' म्हणून पाय देऊन गेले."

साहेबांचा चेहरा उजळला. तो तसा उजळलेला पाहून मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली.

"वा! म्हणजे साऱ्या कारखान्यात एक माणूस असा निघाला, ज्यानं कागदावर विश्वास ठेवला नाही! स्वतःच्या डोक्यानं चालला! मास्तर, तुमचं म्हणणं पटलं. विभाग चालू राहील. प्रमुख मात्र तुमचा मेहुणा. तुम्ही त्याचे मदतनीस. उद्या सकाळी निघण्याआधी तसं जाहीर करतो."

"साहेब, त्यानं विचार-बिचार काही केलेला नाही! तो सूचना वाचतच नाही!"

साहेबांनी शांतपणे मास्तरांकडे पाहिलं. "कशावरून?"



त्या संध्याकाळी मेहुणा साहेबांकडून कळलेली आनंदाची बातमी बहिणीला द्यायला घरी आला. दाराशी मास्तरांच्या बुटांशेजारी त्यानं आपले बूट भिरकावले आणि तो ओरडतच आत आला. "ताई, मी भावजींचा साहेब झालो!"

"छोट्या, हात धुऊन बस जेवायला," बायको म्हणाली. तिला आनंद झाला होता, पण नवऱ्याचं तोंड बघून ती जास्त बोलली नाही.

मास्तरांनी घास चिवडत विचारलं, "काय रे, ती जिन्यावरची सूचना तू वाचली होतीस का?"

"कसली सूचना?"

"वळणावरची! चकचकीत!"

"जिन्यावर सूचना आहे?" मेहुणा खरोखर चकित झाला. "डिस्पॅचमध्ये भिंती वाचत बसायला वेळ कुणाला असतो, भावजी!"

मास्तर पाटावरून उडालेच. "ऐकलंस? ऐकलंस ना? स्वतःच्या तोंडानं म्हणाला!"

"ऐकलं," बायको म्हणाली. "पण उद्या साहेबांसमोर तो हेच म्हणेल कशावरून?"

मेहुणा गालातल्या गालात हसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, ट्रकवाला काहीतरी ओरडत होता. फोन खांद्यात धरून, एका हातानं पाण्याचा ग्लास ठेवत, त्यानं दारातल्या बुटांत घाईघाईनं पाय कोंबले आणि तो धाडधाड निघून गेला.

सकाळी मास्तर जड मनानं निघाले. बूटही जड वाटत होते, पण मनच एवढं जड असल्यावर बुटांकडे कोण बघतो! कारखान्यात जिन्याशी पोचले तर गवंडी कपाळाला हात लावून बसलेला. वळणावर नवी पायरी झाली होती. तिच्या दोन्ही बाजूंना दोरी होती आणि दोरीला पाटी: 'सिमेंट ओलं आहे. पाय ठेवू नये.' आणि पायरीच्या बरोब्बर मध्यभागी, फुलाफुलांच्या नक्षीसकट, बुटाचा एक खोल ठसा!

"काल संध्याकाळी मी पाणी आणायला गेलो आणि कोणीतरी मेल्यानं..." गवंडी म्हणाला.

मास्तरांना आनंदानं गगन ठेंगणं झालं. एवढी मोठी पाटी, एवढी जाड दोरी, आणि तरी पाय! या कारखान्यात न वाचता चालणारा माणूस एकच! ते तिथूनच ओरडले, "साहेब! मोठे साहेब! इकडे या! कशावरून म्हणालात ना? हे बघा, यावरून!"

साहेब बॅग घेऊन आले. आवाज ऐकून मावशी आल्या, वॉचमनकाका आले, हिशेबाच्या बाई आल्या. मास्तरांनी ठशाकडे बोट दाखवलं. "ही नक्षी बघा, साहेब! हे बूट माझ्या बायकोनंच त्याला घेऊन दिलेत! तो वाचत नाही, पाय आपटत जातो, हा पुरावा!"

मेहुण्याला बोलावलं. तो धाडधाड आला. साहेबांनी त्याला पाय वर करायला सांगितलं. मेहुण्यानं कठडा धरला आणि आधी एक बूट वर केला, मग दुसरा.

दोन्ही तळवे लख्ख होते. सिमेंटचा कणसुद्धा नव्हता. मेहुण्यालाही त्याचं जरा नवल वाटलेलं दिसलं.

"अशी नक्षी आणखी कोणाच्या बुटाला आहे?" साहेबांनी विचारलं.

मावशींनी चष्मा पुसला. "मास्तरांच्या. दोघं कॅन्टीनमध्ये शेजारी बसतात तेव्हा चार पाय एकाच माणसाचे वाटतात. आणि साहेब, मेहुण्याची नवी खुर्ची गेली तर फायदा कोणाचा? मी आपली विचार करतेय."

"काहीतरीच काय मावशी!" मास्तर हसले. "हे घ्या, बघा ना! चांगले बघा!"

आणि मोठ्या डौलात त्यांनी आपला पाय वर केला.

नक्षीतल्या प्रत्येक फुलात सिमेंट गच्च भरून वाळलं होतं. त्यातलं एक फूल सुटलं आणि टप्पकन साहेबांच्या बॅगेवर पडलं.

सगळे मास्तरांकडे पाहत होते. मास्तर आपल्या बुटाकडे पाहत होते. त्यांना सांगायचं बरंच होतं, पण 'कशावरून' हा प्रश्न समोर तोंड उघडून उभा होता, आणि तो त्यांनीच पाळला होता.

"मास्तर," मावशी मायेनं म्हणाल्या, "खोटं पकडलं. आता ती फ्रेम माझी ना?"

संध्याकाळी मास्तरांनी घरी येऊन बूट बायकोसमोर ठेवले आणि सगळी हकीकत सांगितली. तिनं एक बूट उचलून पाहिला आणि लगेच खाली ठेवला. "अहो, हे छोट्याचे आहेत. नाडीला ही दुहेरी गाठ तोच मारतो, लहानपणापासून. काल घाईत तुमचे घालून गेला असणार. सकाळी पायात घालताना तुमच्या ध्यानात आलं नाही?"

"विचार नाही केला," मास्तर म्हणाले.

आता केबिनमधल्या खुर्चीत मेहुणा बसतो, शेजारच्या स्टुलावर मास्तर, आणि दोघांच्या डोक्यावर फ्रेममधून मावशी बघत असतात. फोटो खरंच चांगला आहे. गवंडी ठसा बुजवायला तयार होता, पण साहेब म्हणाले, राहू दे, लोकांना धडा राहील. तेव्हापासून मास्तर रोज जिना चढताना त्या वळणावर थांबतात, कठडा धरतात, पाय उंच उचलतात आणि पायरी ओलांडून जातात. का, ते अजून एकानंही विचारलेलं नाही!